अर्धा इंच मास्तर

मी आयुष्यात बंदूक एकदाच हातात धरली. तीही दुसऱ्याची, आणि तो बुटाची नाडी बांधून होईपर्यंत. तरीही धार-देवासकडची जुनी माणसे अजून मला "फौजेतले मास्तर" म्हणतात. मी फौजेत कधीच नव्हतो. फौजेत कोण जाईल आणि कोण घरी जाईल हे ठरवणारी टेप माझ्या हातात होती, एवढेच. माझी स्वतःची उंची पाच फूट अडीच इंच आणि छाती, सदरा न काढता सांगतो, तीस. मी घेतलेल्या एकाही परीक्षेत मी पास झालो नसतो. नोकरीत असताना हे कोणाला सांगितले नाही. आता पेन्शन सुरू आहे, म्हणून लिहितो.

आमचे घराणे शिंप्याचे. मराठ्यांच्या लष्कराबरोबर माळव्यात आलो ते सुईदोरा घेऊन. तलवारवाले पुढे होते, आम्ही त्यांचे फाटलेले अंगरखे शिवत मागे. वडिलांचे दुकान मनावरला होते. दसऱ्याच्या आधी महिनाभर ते धारला जात आणि संस्थानच्या शिपायांचे कोट शिवत. मी टेपचे एक टोक धरून उभा असे. मॅट्रिकपर्यंत मला शिकवणारे हेडमास्तर आणि पुढे दरबारातून मिळालेली शिष्यवृत्ती, या दोहोंच्या उपकारावर मी इंदूरला जाऊन बी.ए. झालो. आमच्या घरात बी.ए. पास झालेला मी पहिला. वडिलांनी पदवीच्या कागदाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे."

बी.ए.बरोबर मी शारीरिक शिक्षणाचाही एक कोर्स केला होता. तो करण्यात माझा हेतू व्यायामाचा नव्हता. त्या वर्गाला दूध मिळत असे. पण संस्थाने विलीन झाली, नव्या राज्याला अशी सर्टिफिकेटे असलेली माणसे हवी होती, आणि मी शारीरिक परीक्षक झालो.

काम काय, ते बाहेरच्यांना सांगतो. उमेदवाराची उंची घ्यायची, वजन घ्यायचे, छाती साधी आणि श्वास भरून अशी दोनदा मोजायची. मग ओझे उचलायला लावायचे आणि एक मैल पळवायचे. शेवटी छापील तक्त्याशी ताडून पाहायचे. तक्त्यात बसला तर शिपाई, नाही तर नागरिक. वाचायला सोपे वाटते. पण तक्ता दूर कुठेतरी एका टेबलावर तयार झालेला असतो आणि माणूस धारच्या वेशीत.

धारला पहिल्याच खेपेला मी बावीस जणांच्या छात्या मोजल्या आणि बावीसही पास झाले. मला वाटले, काय ही मर्दांची भूमी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा मोजल्या, तर प्रत्येकाची छाती एक इंच कमी भरली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, टेपच्या खाली तुमची बोटं काय करतात?"

मी खाली पाहिले. टेपच्या आत माझी दोन बोटे होती. ती तिथे नेहमीच असत. वडिलांनी शिकवलेच तसे होते. छातीचे माप घेताना टेपखाली दोन बोटे सैल ठेवायची, कारण कोटात माणूस श्वासासकट मावला पाहिजे.

"तुम्ही भरती करताय की कोट शिवताय?" डॉक्टर म्हणाले.

मी इतका शरमलो की त्या दिवसापासून टेप अंगाला घासून, काचेल अशी आवळू लागलो. याचा पहिला फटका बसला तो देवासच्या दाजींना.

दाजी म्हणजे तिथल्या जुन्या फौजेतले सुभेदार. त्यांना सगळे गाव दाजीच म्हणे. मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावे. संस्थानची फौज मोडली तेव्हा तिच्यातले धडधाकट शिपाई मोठ्या फौजेत घ्यायचे ठरले आणि त्यांना मोजायला मला पाठवले. श्वास भरल्यावर छाती दोन इंच वाढली पाहिजे असा नियम होता.

"श्वास घ्या, दाजी."

"घेतला."

"आणखी घ्या."

"आता देवासात हवा उरली नाही, मास्तर. इंदुरातून मागवा."

टेपने दीड इंच दाखवला. मी दीड लिहिला. श्वास भरल्यावर टेप आवळली नसती तर दोन झाले असते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. अठ्ठावीस वर्षे नोकरी केलेला माणूस अर्ध्या इंचाने घरी गेला. दाजींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त माझे नाव "अर्धा इंच मास्तर" ठेवले, आणि ते गावात असे पसरले की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने पत्र आणू लागला.

यानंतर पाच-सहा वर्षांनी मला पुन्हा देवासला जावे लागले. पूर, जत्रा, आग अशा प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून गावोगाव रक्षक दल उभे राहिले होते. वीस पुरुष आणि बारा बायका. बहुतेक सगळे बिनपगारी. पगारी जागा एकच होती, नाईकाची. दंडावर पट्टी आणि जुन्या लष्करी लाईनीत दोन खोल्यांचे घर. तीन महिने सर्वांना तयार करायचे, मग बाहेरून एक कॅप्टनसाहेब येऊन परीक्षा घेणार, आणि त्यातून नाईक ठरणार.

आता देवासची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. हे एकच गाव, पण त्यात दोन राज्ये होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांची वाटणी होती ती. रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, दोन फौजा. राज्ये गेली, पण पात्या काही गेल्या नाहीत. आमच्या दलात अर्धे पुरुष एकीकडचे, अर्धे दुसरीकडचे. पहिल्या दिवशी मी "एका रांगेत उभे राहा" म्हटले, तर दोन रांगा झाल्या आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा राहिली.

दाजी थोरल्या पातीचे. वय पन्नास, सांगत बेचाळीस. ते दलात आले होते ते नाईकाच्या पट्टीसाठी. एकदा अर्ध्या इंचाने गेलेली अब्रू त्यांना दंडावर शिवून परत हवी होती.

दुसरीकडे होत्या चंद्राबाई. धाकट्या पातीच्या फौजेतल्या एका शिपायाची विधवा. पदरी दोन मुली. माताजीच्या टेकडीवर, पायऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर यात्रेकरूंसाठी पाण्याचे रांजण असत, ते भरायचे काम त्या करत. रोज डोक्यावर दोन हंडे घेऊन चाळीस खेपा. नवऱ्याच्या वेळेपासून त्या लाईनीतल्या ज्या दोन खोल्यांत राहत होत्या, त्याच खोल्या आता नाईकाच्या ठरल्या होत्या. दुसरा कोणी नाईक झाला की त्यांनी मुलींसह बाहेर पडायचे, असा कागद त्यांना आला होता. तो कागद मीच त्यांना वाचून दाखवला.

दाजींना घर नको होते, पट्टी हवी होती. चंद्राबाईंना पट्टी नको होती, घर हवे होते. सरकारने या दोन गोष्टी एकात एक शिवून ठेवल्या होत्या, आणि ती शिवण उसवणे माझ्या हातात नव्हते.

"मास्तर," चंद्राबाईंनी विचारले, "नाईक बाईला होता येतं का?"

मी तक्ता पाहिला. "बाईला येत नाही असं कुठं लिहिलेलं नाही. पण नाईकाला पुरुषांच्या तक्त्यात पास व्हावं लागतं. बायकांचा तक्ता निम्मा आहे. निम्मं ओझं, निम्मं अंतर."

"निम्मं का?"

"तसं छापलंय."

"निम्म्या हंड्यानं निम्मी तहान भागते का?" असे म्हणून त्यांनी पदर खोचला. "मला पुरं द्या."

तालीम सुरू झाली. पुरुषांची मैलाची धाव मैदानातून निघून, टेकडीच्या पायऱ्या पहिल्या टप्प्यापर्यंत चढून परत मैदानात, अशी होती. पास व्हायला अकरा मिनिटे. पहिल्या दिवशी वीसही जण साडेबारा मिनिटांत आले. दुसऱ्या दिवशी साडेबारा. आठवडाभर रोज साडेबारा. मी घड्याळ दुरुस्तीला टाकले. घड्याळजीने ते चांगले आहे म्हणून परत दिले.

त्यांच्यात भगवंत नावाचा धाकट्या पातीचा एक तरुण होता. चोवीस वर्षांचा, पायांत स्प्रिंगा बसवल्यासारखा. तोसुद्धा साडेबारा मिनिटांत येई, आणि कपाळावर घामाचा थेंब नसे. एक दिवस मी त्याला गाठले.

"भगवंता, तुला याहून जोरात पळता येत नाही?"

"येतं की, मास्तर. आठात येईन."

"मग येत का नाहीस?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी त्याला चपला घालून देवळात जायला सांगत होतो. "भिया," माळव्याच्या रिवाजाने मला भाऊ म्हणत तो उद्गारला, "दाजींच्या पुढं कसं जायचं? थोरल्या पातीचं निशाण पुढं, धाकट्या पातीचं चाळीस पावलं मागं. दसऱ्याला आमचे आजेही असेच चालायचे."

"अरे, ही मिरवणूक नाही, शर्यत आहे."

"ते खरं. पण पुढं गेलो तर घरी आई जेवायला वाढणार नाही."

मग मी दाजींकडे गेलो. म्हटले, "दाजी, तुमच्यामुळे वीस माणसं नापास होतील. जरा बाजूला होऊन पोरांना पुढे जाऊ द्या."

दाजी मिशीला पीळ देत म्हणाले, "मी कुणाला अडवलंय? रस्ता मोकळा आहे. ज्याची छाती असेल त्यानं पुढं जावं. छातीचं माप तर तुमच्याकडंच असतं."

थोरल्या पातीचे शिपाई वयाच्या मानाने त्यांच्या मागे, आणि धाकटी पाती त्यांच्या मागे चाळीस पावलांवर. मैलाची धाव नव्हती ती, पालखी होती. मी परीक्षक म्हणून हताश झालो. वीसही पुरुष नापास झाले तर कॅप्टनसाहेब मला काय म्हणतील, ही काळजी मला चंद्राबाईंच्या घरापेक्षा जास्त होती. हे कबूल करायला हवे.

बायकांचे प्रकरण निराळे होते. त्यांच्या फॉर्मातही छातीचा रकाना होता. तो तक्ता ज्याने छापला त्याने टेप कोण धरणार याचा विचार केला नव्हता. मी लाजेने अर्धा झालो. पण शिंप्याच्या घरात यावर उपाय असतो. आमच्याकडे बायकांच्या अंगाला टेप लावत नाहीत. त्या मापाची चोळी आणून देतात, शिंपी चोळी मोजतो. मी चंद्राबाईंना निरोप दिला की सर्वांनी एकेक बेतशीर चोळी पाठवावी.

बारा जणींनी बारा वेळा फडक्यात गुंडाळलेली चोळी आणून दिली. मी मान खाली घालून मोजली, परत केली, पुढची घेतली. बाराही जणींची छाती एकतीस भरली. मला फार आनंद झाला. मी शेऱ्यात लिहिले की महिला पथक विलक्षण एकसारखे व शिस्तबद्ध आहे. शिंप्याचा मुलगा असून मला शेवटच्या चार चोळ्यासुद्धा ओळखीच्या वाटल्या नाहीत, याचे मला आजही आश्चर्य वाटते. मान खाली होती, पण डोळेही बहुतेक मिटलेले असावेत.

परीक्षेचा दिवस आला. कॅप्टनसाहेब उत्तरेकडचे, उंच, कमी बोलणारे आणि हिंदीतच बोलणारे. त्यांना चंद्राबाईंचा अर्ज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "ये मर्दों की परीक्षा देंगी?"

"जी. नाईक की जगह के लिए."

"देने दो. गिर जाएँगी तो उठा लेंगे."

पहिली परीक्षा ओझ्याची. दीड मण धान्याचे पोते घेऊन दोन फर्लांग जायचे, वाटेत खाली टेकवायचे नाही. पुरुषांनी पोते पाठीवर घेतले. फौज मोडल्यापासून कोणी किराणा दुकान चालवत होता, कोणी कचेरीत बसत होता. सोळा जणांनी वाटेत कुठे ना कुठे पोते टेकवले. भगवंताने तर एका फर्लांगावर पोत्याला असे मिठीत घेतले की सोडवेना. चौघे टिकले. त्यांत दाजी पहिले. बैलासारखे गेले, वाटेत एकाला रामरामही केला.

चंद्राबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दोन पुरुषांकडून पोते वर चढवून घेतले.

"ऑब्जेक्शन," दाजी म्हणाले. हा एक शब्द ते जुन्या कचेरीत शिकले होते. "शिपाई डोक्यावर ओझं नेत नाही. डोक्यावर टोपी असते."

मी त्याचे हिंदी करून सांगताच कॅप्टनसाहेबांनी हात हलवून त्यांना गप्प केले. "बोरा पहुँचना चाहिए, सूबेदार. कहाँ बैठकर पहुँचा, ये बोरे का मामला है."

चंद्राबाई गेल्या. मान ताठ, हात मोकळे, चाल रोजची. पोते ठेवून परत येताना त्या सोनीला विचारत होत्या, घरी भात उतरवलास का. सोनी म्हणजे त्यांची शेजारीण, पथकातली सगळ्यांत किडमिडीत बाई.

मग धाव. वीस पुरुष आणि चंद्राबाई. मी शिट्टी वाजवली. नेहमीप्रमाणे दाजी पुढे, थोरली पाती मागे, चाळीस पावले सोडून धाकटी पाती, आणि शेवटी चंद्राबाई, काष्टा घट्ट मारलेल्या.

पहिल्या फर्लांगात काही झाले नाही. दुसऱ्यात चंद्राबाई बाजूने निघाल्या. धाकटी पाती ओलांडली. ती चाळीस पावलांची मोकळी जागा, जिच्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाऊल टाकले नव्हते, तीही ओलांडली. थोरली पाती ओलांडली आणि त्या दाजींच्या बरोबरीला आल्या.

"ए पोरी, मागं हो," दाजी धापा टाकत म्हणाले. "धाकट्या पातीनं मागं राहायचं असतं."

"दाजी, सासर धाकट्या पातीत, माहेर थोरल्या पातीत. मी कुणाच्या मागं राहू ते तुम्हीच सांगा. तोवर पुढं जाते."

आणि त्या गेल्या.

पुरुषांची पाती असते, बायकांच्या दोन असतात. हे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण बायकांना कोणी पळवले नव्हते.

मागे धाकट्या पातीत गडबड उडाली. भगवंत ओरडला, "अरे, वहिनी गेली. आपली पाती पुढं गेलीच, आता कसली चाळीस पावलं?" आणि ते दहा जण दावे तुटलेल्या गुरांसारखे सुटले. ते पाहून थोरल्या पातीचे तरुणही दाजींना सोडून धावले. चंद्राबाईंनी वाट मोकळी केली, पण तिचा फायदा चोवीस वर्षांच्या पायांना झाला. भगवंत साडेआठ मिनिटांत पहिला आला. चंद्राबाई अकराव्या नंबराच्या आसपास, साडेदहा मिनिटांत. खरे ते सांगतो: पळण्यात तरुण पुरुष त्यांच्या पुढे होते, आणि पुढेच राहिले असते. पण पळण्यात जी हरणे पुढे होती त्यांनी पोते वाटेत टेकवले होते, आणि पोत्यात जे चार बैल टिकले होते ते अकरा मिनिटांत पोहोचले नाहीत. दोन्हीत पास असे एकच नाव माझ्या कागदावर उरले.

त्या चार बैलांतले तीन आले. दाजी आलेच नाहीत.

ते टेकडीच्या पहिल्या टप्प्यावर बसले होते. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच ते खरोखर जोरात पळाले होते, आणि पायरीवर त्यांचा घोटा मुरगळला होता. कॅप्टनसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. "स्ट्रेचर की परीक्षा बाकी थी. अब असली होगी. चार आदमी जाओ."

चार पुरुष स्ट्रेचर घेऊन वर गेले. दोन थोरल्या पातीचे, दोन धाकट्या. आम्ही खालून पाहत होतो. त्यांनी दाजींना स्ट्रेचरवर निजवले आणि तिथेच थांबले. वाद सुरू झाला होता. दाजींच्या डोक्याची बाजू कोणी धरायची? थोरल्या पातीच्या माणसाच्या डोक्याला धाकट्या पातीने हात लावायचा का? आणि पायाची बाजू धरायला थोरली पाती तयार नव्हती. एवढ्यात "डोक्याची बाजू पुढे की पायाची" असा दुसरा मुद्दा निघाला. दाजी निजल्या निजल्या दोन्ही बाजूंना सल्ला देत होते.

चंद्राबाईंनी कोणाला विचारले नाही. सोनीला आणि आणखी दोघींना घेऊन त्या वर गेल्या, पुरुषांच्या हातांतले दांडे काढून घेतले आणि चौघी पायऱ्या उतरू लागल्या. भरले हंडे घेऊन रोज त्याच पायऱ्यांवर चालणाऱ्या त्या बाया. स्ट्रेचर पाण्यावरून यावे तसे आले. दाजींचे वजन अडीच मण. त्यांच्या मिशीचा पीळसुद्धा मोडला नाही.

"सांभाळून, गं," दाजी म्हणत होते.

"गप पडा, दाजी. हंडा कधी बोलतो का?" सोनी म्हणाली.

खाली आल्यावर कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडून फॉर्म मागितले आणि वाचता वाचता थांबले.

"मास्टरजी, बारह औरतें. बारहों का सीना इकतीस? एक ही कारखाने से बनकर आई हैं क्या?"

मागे बारा जणी पदर तोंडावर धरून हसू दाबत होत्या. चंद्राबाई पुढे आल्या. "साहेब, चोळी एकच होती. सोनीची. आदल्या दिवशी पाऊस झाला, बाकीच्यांच्या ओल्या होत्या. सोनीची तेवढी वाळली होती."

कॅप्टनसाहेबांना मराठी समजत नव्हती. मी भाषांतर केले. अशा भाषांतरासाठी बी.ए. होत नाही माणूस.

ते हसले नाहीत. त्यांनी पेन उघडले. "नाईक के लिए कम से कम तैंतीस चाहिए. यहाँ इकतीस लिखा है. इनका नाम मैं कैसे भेजूँ?"

बारा जणींचे हसू मिटले. ज्या गमतीने आम्हा सर्वांची दुपार आनंदात गेली असती, तीच गंमत चंद्राबाईंच्या घराला कडी लावायला निघाली होती. दोन्ही मुली मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांना काही कळत नव्हते, पण आईचा चेहरा कळत होता.

मी म्हटले, "साहब, फिर से नाप लेते हैं."

बायकांनी चादरीचा आडोसा केला. मी टेप सोनीच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. सोनीला आकडे वाचता येत नव्हते. तिने माप घेतले, जिथे टेप मिळाली तिथे अंगठ्याचे नख रोवले आणि तसेच धरून माझ्यापुढे आणले. मी वाचले. बत्तीसच्या जेमतेम पुढे. पाऊण इंचाहून थोडे जास्तच कमी.

कॅप्टनसाहेबांचे पेन कागदावर टेकलेले होते. दाजी स्ट्रेचरवर कोपरावर उठून माझ्याकडे पाहत होते. मला धारचे डॉक्टर आठवले, आणि वडील आठवले. टेप आवळून आवळून मी पाच-सहा वर्षांत किती माणसांचा श्वास कापला होता, कोण जाणे.

"सोनी," मी म्हटले, "पुन्हा घे. टेपखाली दोन बोटं सैल ठेव. माणूस श्वास घेतो."

सोनी परत आली. तिच्या नखाखाली तेहेतीस होते, वर एक सुताएवढे.

"कितना?" कॅप्टनसाहेबांनी विचारले.

"तैंतीस, साहब."

हे खोटे होते की खरे, मी आजही ठरवलेले नाही. छातीच्या तक्त्याप्रमाणे खोटे असेल. दीड मणाच्या पोत्याप्रमाणे, साडेदहा मिनिटांप्रमाणे आणि अडीच मणांच्या दाजींप्रमाणे ते खरेच होते.

स्ट्रेचरवरून हळू आवाज आला, "मास्तर, ही दोन बोटं तेव्हा कुठं होती?"

कॅप्टनसाहेबांनी मान वर केली. "सूबेदार क्या कह रहे हैं?"

मी श्वास रोखून धरला. दाजींनी एक शब्द सांगितला असता तर माझी नोकरी, चंद्राबाईंच्या खोल्या, सगळेच गेले असते; आणि पट्टी निदान चंद्राबाईंना तरी मिळाली नसती. दाजींनी मिशीचे एक टोक पिळले, मग दुसरे.

"कुछ नहीं साहब," ते म्हणाले. "कह रहा हूँ, दर्जी का बेटा है. नाप पक्का है."

कॅप्टनसाहेबांनी तेहेतीस लिहिले आणि सही केली.

त्या संध्याकाळी मैदानात पुन्हा भांडण झाले. थोरली पाती म्हणाली, लेक कोणाची? धाकटी म्हणाली, सून कोणाची? चंद्राबाईंनी दोन्ही पात्यांना एका रांगेत उभे केले आणि मैदान झाडायला लावले. त्या नाईक म्हणून अनेक वर्षे होत्या. त्या खोल्यांतूनच दोन्ही मुलींची लग्ने झाली. नवरात्रातल्या जत्रेत त्यांच्या पथकाने पायऱ्यांवरून किती माणसे खाली आणली याची मोजदाद कोणी ठेवली नाही, कारण त्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

दाजींची पट्टी मात्र राहिलीच. मला ते सलत होते. दसऱ्याच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. घोटा बरा झाला होता. म्हटले, "दाजी, उभे राहा. माप घ्यायचंय."

"आता कशाची भरती?"

"कोटाची."

मनावरला वडिलांनी तो कोट स्वतः शिवला. खाकी, पितळी बटणांचा, जुन्या फौजेसारखा. मी पाठवलेल्या मापाच्या चिठ्ठीखाली एक ओळ जास्त लिहिली होती. वडिलांनी ती पाळली, कारण विचारले नाही.

दसऱ्याला दाजी कोट घालून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी श्वास भरून घेतला, छाती फुगवली आणि छातीपाशी दोन बोटे आत घालून पाहिली.

"सैल आहे," ते म्हणाले.

"अर्धा इंच," मी म्हटले.

दाजींनी वरचे बटण लावले. "मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मिरवणुकीत जाऊन उभे राहिले. पुढे चंद्राबाई होत्या. दाजी त्यांच्या मागे, मोजून चाळीस पावलांवर.